सिग्नलला थरथरणारी गाडी आणि वागळे इस्टेटचे मामा

गाडी रस्त्यावर चांगली पळते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते, एसी लावला की मान टाकते आणि कधी कधी बंदच पडते, असं होत असेल तर लगेच महागडा पार्ट बदलायला होकार देऊ नका. आधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मामा मेकॅनिकना दाखवा. माझ्या गाडीचं हे दुखणं त्यांनी एक बारकासा व्हॉल्व्ह साफ करून बरं केलं, आणि मला शेजारी उभं करून सगळं दाखवत केलं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गॅरेजला पाटी नाही. रोड नंबर 22 कडून किसननगरच्या बाजूला निघालात की कारखान्यांच्या रांगेत शटरचा एक अरुंद गाळा आहे, बाहेर निळी ताडपत्री आणि दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा. आजूबाजूचे रिक्षावाले, टेम्पोवाले सगळे त्यांना मामाच म्हणतात. कोणालाही विचारा, बोट दाखवतील.

मी कळव्याला राहते आणि घरगुती जेवणाचे डबे पुरवते. सकाळी अकराच्या सुमारास कळव्याचा पूल ओलांडायचा, कोर्ट नाक्यावरून पाचपाखाडी, नितीन कंपनी, मग वागळे इस्टेटमधली ऑफिसं. अर्धा किलोमीटर गेलं की थांबायचं, डबे उतरवायचे, पुन्हा गाडी काढायची. गाडी 2009 सालची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी. नंतर सीएनजी किट बसवून घेतलं आणि आरसीवर त्याची रीतसर नोंद केली. 2024 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं पदरात पाडून घेतली. माझा धंदा याच गाडीवर चालतो, त्यामुळे तिचं काही बिनसलं की माझा जीव टांगणीला लागतो.

दुखणं पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. सकाळी पहिला सेल्फ मारला की गाडी सुरू व्हायची, पण गरम झाल्यावर अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन वरखाली व्हायला लागायचं. आवाज चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मागच्या सीटवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. कोर्ट नाक्याच्या गर्दीत एसीचं बटण दाबलं की आचका देऊन गाडी बंद. मागून हॉर्नचा मारा, पुढे ट्रॅफिक हवालदार हात हलवतोय, आणि आपण न्यूट्रलमध्ये टाकून परत सेल्फ मारतोय. शेवटी एसी बंद ठेवून, एक पाय सतत रेसवर ठेवून चालवायला लागले. जूनच्या उकाड्यात कोथिंबिरीच्या वड्या आणि ताकाच्या बाटल्या घेऊन असं जाणं म्हणजे जेवणाचीही काळजी आणि गाडीचीही.

घराजवळच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आधी दाखवलं. नाव लिहीत नाही. तिथे एसी बसायची खोली, कॉफीचं मशीन, छापील जॉबकार्ड, सगळं होतं. त्यांनी प्लग बदलले, पैसे घेतले, गाडी होती तशीच. दुसऱ्या खेपेला कागद हातात दिला: पूर्ण थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) नवीन, इंजेक्टर (इंधन फवारणारे नोझल) क्लीनिंग, दोन इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं). मजुरी धरून आकडा अठरा हजारांच्या वर. नेमकं काय बिघडलंय असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, टेक्निकल आहे, साहेबांना फोन करायला सांगा ना.” गाडी मी चालवते, पैसे मी भरते, पेट्रोल-गॅसचा हिशेब मी ठेवते. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि किल्ली परत घेतली. मामांचं नाव मला एका ऑफिसच्या शिपायाने सांगितलं, तो माझ्याकडून रोज डबा घेतो.

मामांनी पहिला अर्धा तास पान्याला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर लगेच बंद पडते की थोडा वेळ झुंजते? चालत्या गाडीत पिकअप कमी झालाय का? बॅटरी अलीकडे काढली होती का? आणि मग तो प्रश्न, जो वर्कशॉपमध्ये कोणीही विचारला नव्हता: “ताई, पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हीवर सारखंच होतं का?”

सारखंच होतं.

“मग इंजेक्टरचा विषय संपला,” मामा म्हणाले. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. दोन्ही संच एकाच दिवशी एकाच पद्धतीने कसे खराब होतील? दोन्ही इंधनांना सामाईक काय, तर हवा आणि ठिणगी. प्लग नवेच होते. तरी त्यांनी इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कप्लर, म्हणजे वायरचा जोड, काढून बघितला. चारही वेळा इंजिन सारखंच खाली आलं, म्हणजे चारही सिलिंडर आपापलं काम करत होते. मग बोनेटखाली वाकून अॅक्सिलरेटरची तार बोटाने किंचित ओढली, जेमतेम केसभर. थरथर गेली. सोडली, परत आली. मला म्हणाले, “बघा, थोडी हवा दिली की बाई शांत. माउंटिंग खराब असतं तर धक्का असाच थांबला नसता.”

त्यानंतर स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. छोट्याशा पडद्यावर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, सहाशेपर्यंत घसरत होता आणि अकराशेवर उडत होता. गरम इंजिन साडेआठशेच्या आसपास स्थिर राहायला हवं. शेजारच्या ओळीत ‘स्टेप’ म्हणून एक आकडा होता, तो सारखा वाढत चालला होता. तो आकडा म्हणजे गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एका छोट्या मोटरला ‘अजून उघड, अजून उघड’ असं सांगत असतो. सांगणं पोचत होतं, पण हवा पोचत नव्हती. व्हॅक्यूमच्या नळ्या, ब्रेक बूस्टरचा पाइप, सगळं हाताने चाचपून झालं. कुठे फाटलेलं नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी दहाचा पाना मागितला.

आता हे नेमकं काय असतं ते मला समजलं तसं सांगते. आपण अॅक्सिलरेटर सोडतो तेव्हा थ्रॉटलची गोल पत्ती जवळजवळ बंद होते. मग इंजिनाला श्वास कुठून मिळणार? तारेच्या थ्रॉटलच्या गाड्यांत पत्तीला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेच्या तोंडाशी आयएसी व्हॉल्व्ह. मेकॅनिक त्याला सरळ स्टेपर मोटर म्हणतात. तिच्या पुढच्या टोकाला निमुळता दट्ट्या असतो, तो आत-बाहेर सरकून हवा कमीजास्त करतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, हेडलाइट लावले, पंखा सुरू झाला, की इंजिनावर ओझं वाढतं, आणि तेवढी जास्तीची हवा याच वाटेने यावी लागते. वाट बुजली की एसी लावल्याबरोबर गाडी मान टाकणार हे ओघानेच आलं. सिलिंडर हेडमधल्या व्हॉल्व्हशी याचा काही संबंध नाही. इंजिन खोलावं लागत नाही, हेड उतरवावं लागत नाही.

मामांनी आधी गॅसच्या टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद केला, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपची क्लिप सैल करून पाइप बाजूला केला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. पत्तीच्या कडेला काळी, चिकट अंगठी जमली होती. मग चार तारांचा कप्लर, लॉक दाबून, न ओढता. मग दोन स्क्रू. ते कित्येक वर्षांत हललेले नसावेत. मामांनी एकेक थेंब तेल सोडून पाच मिनिटं तसेच राहू दिले आणि नंतर योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर वरून घट्ट दाबून फिरवला. या स्क्रूंची खाच मरते ती घाईने, असं ते म्हणाले.

मोटर बाहेर आली तेव्हा दट्ट्याचं टोक ओळखू येत नव्हतं. मूळ धातू कुठला, कार्बन कुठला, काही कळेना. बोटाने पुसलं तर डांबरासारखा काळा थर निघाला, वासही जळक्या तेलाचा. माझ्या ओट्यावरच्या चिमणीची जाळी महिनाभर न धुता ठेवली तर फोडणीचा धूर तिच्यात जसा चिकट होऊन बसतो, तसंच. फक्त इथे फोडणी इंजिन ऑइलची.

साफ करताना त्यांनी ज्या गोष्टी पाळल्या त्या मुद्दाम लिहिते, कारण नवा पार्ट याच ठिकाणी फुकट जातो. दट्ट्या त्यांनी बोटाने दाबला नाही, की चिमट्याने ओढला नाही. आत बारीक आटे असतात, जोर लावला की ते जातात आणि चांगली मोटर कचऱ्यात जाते. मोटर उभी धरली, टोक जमिनीकडे, म्हणजे क्लीनर खाली गळतो, मागे गुंडाळीत शिरत नाही. वाटीत बुडवून ठेवणं तर नाहीच. थोडा थ्रॉटल क्लीनर मारायचा, मऊ दातघासणीने घासायचं, कॉटन वेस्टने टिपायचं, पुन्हा मारायचा. ब्लेड नाही, सँडपेपर नाही. तीच काळजी ज्या वाटेत तो दट्ट्या बसतो तिथेही घेतली. मोटर साफ केली आणि वाट तशीच ठेवली तर काम अर्धंच झालं. मोटरची रबरी ओ-रिंग चपटी झाली होती, ती नवी घातली. ती जुनी ठेवली असती तर तिथून चोरटी हवा शिरली असती आणि मग आयडल, म्हणजे रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, खाली येण्याऐवजी वर चढलं असतं.

थ्रॉटलला एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, कंपनीतूनच रंगाचा ठिपका मारून सील केलेला. पुष्कळ गॅरेजवाले हाच स्क्रू पिळून आयडल वाढवून देतात. ग्राहक खुशीत जातो, आणि कार्बन जिथल्या तिथे. पुढे त्या गाडीचा नेमका दोष शोधणं अवघड होऊन बसतं. मामांनी माझ्या गाडीचा ठिपका टॉर्चच्या उजेडात दाखवला. शाबूत होता. “याला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाले.

खरी गोष्ट तर पुढे आहे. व्हॉल्व्ह साफ झाला, बसवायची वेळ आली, तर मामा म्हणाले, हे तेल आलं कुठून ते बघूया. इंजिनाच्या वरच्या झाकणावर रबरी बुचात पीसीव्ही नावाचा अंगठ्याएवढा आणखी एक व्हॉल्व्ह असतो. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली इंजिनाच्या पोटात निसटतो. तो तिथे कोंडू नये म्हणून हा व्हॉल्व्ह त्याला परत हवेच्या वाटेत ओढून जाळायला पाठवतो. त्या वायूबरोबर तेलाचा बारीक तुषारही येतो. मामांनी पीसीव्ही उपसून माझ्या कानाशी हलवला. काही आवाज नाही. चांगला असेल तर आत गोटी हलल्यासारखा टकटक वाजतो. माझा तेलाने चिकटून बसला होता. क्लीनरने धुतला, हवा मारून सुकवला, परत हलवला. टक, टक, टक. “हा चिकटला की तेल जास्त येतं, आणि तो आयएसी व्हॉल्व्ह परत सहा महिन्यांत बुजतो,” असं त्यांनी सांगितलं. पार्ट बदलणाऱ्यांनी माझ्याकडून नव्या थ्रॉटल बॉडीचे पैसे घेतले असते आणि पीसीव्ही तसाच ठेवला असता, तर ती नवी बॉडीही याच वाटेने गेली असती.

डब्यांच्या फेऱ्यांचाही यात वाटा आहे, हे मला तिथेच समजलं. थोडं अंतर, मग थांबणं, इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत पुन्हा बंद. अशा चालवण्यात ऑइलमधली ओल आणि वाफ जळून जात नाही, ती या नळ्यांतून फिरत राहते. त्यांनी सांगितलं की आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्याला चांगली तापवून आणायची, ऑइल फक्त किलोमीटर बघून नाही तर महिने बघूनही बदलायचं, आणि एअर फिल्टर वेळेवर. मी आता रविवारी सकाळी भाजीला जाताना मुद्दाम मुंब्रा बायपासला वळसा घेते.

बसवल्यावर लगेच किल्ली दिली नाही. बॅटरी जोडली, किल्ली ऑनवर ठेवून थोडं थांबले, बंद केली, मग सेल्फ. पहिल्यांदा इंजिन चांगलंच वरच्या आवाजात चालत राहिलं. मी दचकले. मामांनी हाताने थांबा म्हणून खूण केली. बुजलेल्या वाटेची सवय झालेला ईसीएम अजून जुन्याच अंदाजाने उघडत असतो, त्याला नवं माप शिकायला वेळ द्यावा लागतो. एसी, लाइट सगळं बंद ठेवून रेडिएटरचा पंखा सुरू होऊन थांबेपर्यंत गाडी तशीच चालू ठेवली. आवाज हळूहळू खाली आला. मग एसी लावला. काटा किंचित हलला आणि जागेवर बसला. स्कॅनरवर साडेआठशेच्या आगेमागे. गॅसवर टाकली, तसंच. मग मला गल्लीच्या टोकापर्यंत चालवायला लावली, स्वतः शेजारी बसून.

पैशांचं सांगते. मजुरी, क्लीनर, ओ-रिंग सगळं मिळून नऊशे रुपये. स्कॅनरचे वेगळे लावले नाहीत. पिवळ्या पावतीपुस्तकातून हाताने लिहिलेली पावती दिली, तिच्यावर काय केलं ते एकेका ओळीत, आणि शेवटी ‘मोटर चालू आहे, बदलायची गरज नाही’ असं. हे शेवटचं वाक्य कोणी लेखी देतं का? मला आजवर कुठे मिळालं नव्हतं.

त्यानंतर पीयूसी संपत आली होती म्हणून काढली. माझ्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलवरच होते, नळी सायलेन्सरमध्ये घालून. माझ्या गाडीच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही कमाल मर्यादा आहे. गाडी आरामात आत बसली. आयडल बिघडलेलं असताना मशिनवर आकडे नाचतात, तेव्हा तपासणीला जायच्या आधी हे काम करून घेतलेलं बरं.

आता न आवडलेलंही लिहिते. बसायला जागा नाही. प्लॅस्टिकची एक खुर्ची, ती बहुतेक वेळा कोणा रिक्षावाल्याकडे. जवळपास स्वच्छतागृह नाही, बायकांनी हे लक्षात घेऊन जावं. जोराचा पाऊस आला की गल्लीत घोट्यापर्यंत पाणी साचतं आणि मामा बोनेट उघडत नाहीत, दुसऱ्या दिवशी या म्हणतात. फोन वाजत राहतो, हात तेलकट असले की उचलत नाहीत. दुपारी दीड ते अडीच जेवायची वेळ, तेव्हा शटर अर्धं खाली. एका वेळी दोनच गाड्या घेतात, त्यामुळे शनिवारी हमखास परत फिरावं लागतं. हे सगळं मला त्यांच्या कामापुढे चालवून घेण्यासारखं वाटलं, पण लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर विचार करून जा.

कोणी जाऊ नये तेही सांगते. डिझेलवाल्यांनी नको. डिझेलच्या गाडीत आयडल बिघडलं तर बऱ्याचदा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असतो. जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवून जळण्याचं तापमान, आणि त्यातून नायट्रोजन ऑक्साइड, कमी ठेवणं हे त्याचं काम. ते काढणं-घालणं मामांच्या हातचं नाही असं ते स्वतःच सांगतात आणि गाडी परत पाठवतात. नव्या पेट्रोल गाड्यांत तारच नसते, थ्रॉटलची पत्तीच मोटरवर चालते, वेगळी आयएसी मोटर नसते. त्या पत्तीला बोटाने ढकलायचं नसतं आणि साफ केल्यावर बऱ्याचदा स्कॅनरवरून तिची शून्य जागा परत शिकवावी लागते. अशा गाड्यांपैकी ज्या त्यांच्या स्कॅनरवर उघडतात तेवढ्याच घेतात. जे जमतं ते घ्यायचं, नाही ते नाही म्हणायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्या धंद्यात मी पन्नासऐवजी सत्तर डब्यांची ऑर्डर घेतली तर पोळ्या कच्च्या जाणार हे मला माहीत आहे, मामांनाही आपल्या कामाचं तेवढंच माहीत आहे.

घरी स्वतः करू का, असं माझ्या भावाने विचारलं. हात असेल तर जमण्यासारखं आहे, पण क्लीनर झटकन पेट घेतो. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची तार काढलेली, गाडी मोकळ्या हवेत, आणि गॅसची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद, एवढं झाल्याशिवाय क्लीनरच्या डबीला हात लावू नये.

मामांकडे जायचं असेल तर शुक्रवार सोडून, सकाळी नऊच्या आत. गाडी रात्रभर उभी असेल अशीच, शक्यतो थंडच घेऊन जा किंवा तिथे लवकर लावून ठेवा. थंड इंजिन सुरू होताना आणि गरम झाल्यावर कसं वागतं हे दोन्ही त्यांना स्वतः ऐकायचं असतं, आणि ऐकल्याशिवाय ते पैशांचा आकडा सांगत नाहीत. आधी कुठे काय बदललं असेल तर त्याची बिलं बरोबर ठेवा.